हातोडीखालचा आकडा

दादा,

तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. त्यातले वीस दिवस वहिनी मला रोज सकाळी एकच प्रश्न विचारत होती. चहाचा कप पुढे ठेवायची आणि म्हणायची, "नीलू, पण हे भंवरकुआंला गेले कशाला होते गं?" मी चहाकडे बघत म्हणायचे, "काही काम असेल." मग ती म्हणायची, "मुलींच्या हॉस्टेलमध्ये काय काम?" आणि मी कप विसळायला उठायचे.

मला माहीत होतं. फोन आला, तिथल्या फिटरने रडत रडत हॉस्टेलचं नाव घेतलं, तेव्हाच मी काय ते समजले. तू दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात पायरीवर बसलास, पाणी मागितलंस आणि पाणी येईपर्यंत गेलास. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. सगळ्यांनी मान डोलावली. अठ्ठावन्न हे काही वय नाही, म्हणाले. हृदयाला जिना चढायला कोणी लावलं, ते कुणी विचारलं नाही.

पेपरात तुझ्याबद्दल चार ओळी छापून आल्या. मोठ्या कारखानदारांसारखा तुझा फोटो. त्यात तू कुठेच नव्हतास. तू म्हणजे सांवेर रोडवरच्या आपल्या छोट्या युनिटमधला, डोक्याला प्लास्टिकची टोपी लावून, पायात मोजे घालून काचेभोवती मांजरासारखा फिरणारा माणूस. दोन काचांच्या मध्ये फिल्म अंथरायची, भट्टीत दाबून शिजवायची, की झाली सेफ्टी ग्लास. लोकांना वाटतं ताकद काचेत असते. तू म्हणायचास, "काच तो फूटेगी ही. काम फिल्मचं आहे." काच फुटली तरी तुकडा खाली पडता कामा नये, फिल्मने त्याला धरून ठेवला पाहिजे, एवढंच तिचं काम. पीव्हीबी हे तिचं नाव. दुधी रंगाचा, रबरासारखा, हाताला थोडा चिकट असा तो रोल. भट्टीतून आला की इतका पारदर्शक होतो की आहे की नाही कळत नाही.

ही फिल्म ज्या रेझिनची बनते, त्याच्याशी तुझी ओळख आधीची. तू रंगाच्या कारखान्यात होतास, तिथे हेच पावडर होऊन पोत्यांतून यायचं, लोखंडाला लावायच्या प्रायमरसाठी. आठवतं, त्या प्रायमरचा डबा तू घरी आणलास आणि आपल्या पणजोबांच्या तलवारीला फासलास? होळकरांच्या फौजेतली ती एकच वस्तू घरात उरली होती. दरवर्षी गंजायची म्हणून आई हळहळायची. खंडेनवमीला तिने कापड उघडलं तर तलवार हिरवट पिवळी! "अरे मेल्या, ही तलवार आहे का बाथरूमची जाळी?" आई किंचाळली. तू शांतपणे म्हणालास, "आई, अब सौ साल गंजणार नाही." गंजलीही नाही. आई मात्र मरेपर्यंत तिला "तुझी ती भेंडी" म्हणायची.

मी सासरहून परत आले तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. घरात कुणी काही विचारलं नाही, तेच जास्त लागायचं. चौथ्या दिवशी तू मला स्कूटरवर बसवून युनिटवर नेलंस आणि फिल्मच्या खोलीची किल्ली हातात दिलीस. "अपनी केमिस्ट्री की डिग्री लोणचं घालायला ठेवली आहेस का?" म्हणालास. त्या खोलीत रोल राहायचे, चंदेरी पिशव्यांत, थंड आणि कोरड्या हवेत. फिल्मला हवेतलं पाणी चालत नाही. पाणी प्यायली की तिची पकड जाते. म्हणून हवा कोरडी ठेवणारं ते मशीन बारा महिने घरघरत असायचं. तू त्याचं नाव सूखेलाल ठेवलं होतंस. दिवाळी असो, संप असो, युनिटमध्ये कुणी मरो. "सूखेलाल को छुट्टी नहीं." हा तुझा एकमेव कडक नियम होता.

आणि हातोडी. प्रत्येक घाण्याबरोबर वीतभर तुकडा करायचा, एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचा, मग लोखंडाच्या पाटावर हातोडीने ठेचत सुटायचं, एक इंच जागा न सोडता. मग तो तुकडा उजेडासमोर धरायचा. फिल्मला काचेचा चुरा किती चिकटून राहिला, फिल्म कुठे उघडी पडली, हे बघून शून्य ते दहा आकडा द्यायचा. पहिल्यांदा मी ठोकलं तेव्हा सगळा चुरा गच्च चिकटलेला. मी ओरडले, "दादा, दहा!" तुझा चेहरा पडला. "दहा म्हणजे नापास, नीलू," तू म्हणालास. शून्याला काच सुटून खाली पडते, हे मला कळत होतं. दहाचं कळत नव्हतं. तू समजावलंस की फिल्म काचेला इतकी चिकटली तर तिला ताणायला जागाच राहत नाही. काही येऊन आदळलं की ती काचेबरोबर फाटते. थोडं सुटलं पाहिजे, म्हणजे ताणता येतं. आपल्या कामाला पाच, सहा, फार तर सात.

मग तू सगळ्यांनाच आकडे देत सुटलास. समोरच्या जोशांचा संसार दोन. वहिनीच्या माहेरची माणसं नऊ. पोह्यांवरची शेव चार, कारण चमचा लावला की खाली पडायची. आपण केवढे हसायचो. तुझ्या त्या आकड्यांवर मी एकदाच चिडले, आणि त्या चिडण्याने सगळं झालं.

आई उन्हाळ्यात गेली. मी तिची खोली तशीच ठेवली. चष्मा, पानाचा डबा, तिचं औषधांचं वेळापत्रक भिंतीवर. रोज सकाळी तिची गादी झटकायचे. दोन महिने तू बघितलंस आणि एक दिवस दारात उभा राहून म्हणालास, "नीलू, तुझा दहा आहे. इतकं चिकटून नाही राहायचं बेटा, फाटशील." तुझ्या मनात माया होती, आज कळतं. तेव्हा मला वाटलं तू माझ्या आईला हातोडीखाली घातलंस. मी म्हणाले, "आणि तुझा शून्य. आई गेली, हात झटकून मोकळा." या वादाचा शेवट आपण कधी केला नाही. तो अजून तिथेच, आईच्या खोलीच्या उंबऱ्यावर पडून आहे.

त्यानंतरची खंडेनवमी. आईची पद्धत तुला माहीत होती: शस्त्राला आणि यंत्राला त्या दिवशी विश्रांती, चालू यंत्राची पूजा करायची नाही. दरवर्षी ती युनिटवर यायची, सगळी यंत्रं बंद, फक्त सूखेलाल चालू, आणि तुमचं भांडण ठरलेलं. "त्याला पण देव आहे रे, त्याला पण थकवा येतो." "आई, तो थकला की माझी काच मरते." शेवटी तू त्याच्या घरघरत्या पत्र्यावर कुंकू लावायचास आणि ती तोंड फिरवायची. त्या वर्षी वहिनीचे वडील आजारी म्हणून तुम्ही दोघं देवासला होतात. पूजा माझ्या हाती होती. आई नव्हती. मी सूखेलालला हळद लावली, कुंकू लावलं, आणि त्याच कुंकवाच्या अंगठ्याने बटण दाबून त्याला बंद केलं. आईला एकदा तरी तिच्या मनासारखी पूजा मिळावी म्हणून. आत कलश होता, ओल्या झेंडूंचे हार होते. त्या वर्षी पाऊस दसऱ्यापर्यंत लांबला होता, बाहेर भिंतींना ओल होती. आणि हॉस्टेलच्या कामाचा रोल पिशवीतून काढून स्टँडवर चढवलेला, उघडा. मी तो बघितला होता, दादा. विसरले नव्हते. मनात म्हटलं, एका दिवसाने काय होतंय.

दसऱ्याला सकाळी मशीन सुरू केलं आणि शुभ दिवस म्हणून त्याच रोलने हॉस्टेलच्या जिन्याच्या सोळा काचा बनवायला घेतल्या. चार मजल्यांच्या जिन्याचा काचेचा कठडा. खाली मुलींच्या सायकली लागायच्या. दुसऱ्या दिवशी मी तुकडा ठोकला. उजेडासमोर धरला. फिल्म नागडी चमकत होती. चुरा पाटावर सांडला होता. मी तो आकडा डोळ्यांनी वाचला आणि तोंडाने कधीच उच्चारला नाही.

संध्याकाळी तुझा फोन आला. "नीलू, हॉस्टेलवाले कितने आये?"

"सहा," मी म्हणाले.

"शाब्बास! तुझं सोनं द्यायचं राहिलंय बघ, आल्यावर देतो."

आलास तेव्हा शर्टाच्या खिशातून सुकलेली आपट्याची पानं काढून माझ्या हातावर ठेवलीस. चुरा झाला होता त्यांचा.

का सांगितलं सहा? मी एकवीस दिवस स्वतःला हेच विचारते आहे. काम दिवाळीआधी द्यायचं होतं, हे खरं. पण ते कारण नव्हे. खरा आकडा सांगितला असता तर तू विचारलं असतंस, सूखेलाल बंद होता का? आणि मग तुझंच खरं ठरलं असतं, की मी आईला इतकी चिकटले की काम फाटलं. मला तुझ्यासमोर दहा ठरायचं नव्हतं. एवढ्यासाठी मी चार मजल्यांवरून खाली पडेल अशी काच मुलींच्या डोक्यावर बसवू दिली.

पुढच्या पावसाळ्यात तू कुठल्याशा कामाने तिकडून गेलास. रात्री जेवताना म्हणालास, "हॉस्टेलच्या काचा किनारीला पांढऱ्या पडायला लागल्यात. फिल्म सुटतेय." मी म्हणाले, तिथली बाई ॲसिडने जिना धुते, मी बघितलंय. मी काही बघितलं नव्हतं. तू माझ्याकडे बघत राहिलास. "नीलू, सच बता. किती आले होते?"

"सहा! किती वेळा सांगू? आईचं काही उरलेलं तुला बघवतच नाही ना?"

आईचं नाव तू काढलं नव्हतंस, दादा. मी काढलं. तू ताटावरून उठलास, हात धुतलास आणि जाता जाता माझ्या डोक्यावर ओला हात ठेवलास. त्यानंतर एकदाही विचारलं नाहीस. मला वाटलं, सुटले.

मग दर आठवड्याच्या घाण्यात एक काच जास्त दिसायला लागली. "ये किसका?" मी विचारलं. "सॅम्पल है," तू म्हणालास. गुरुवारी ती काच टेम्पोत जायची आणि तूही जायचास. मोजपट्टी माझ्याच गळ्यात असायची. मी एकदाही ती काच मोजली नाही. मोजली असती तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर बोलावं लागलं असतं. बारा गुरुवार मी तुला असं जाताना बघितलं. शेवटच्या गुरुवारी तर म्हणालेसुद्धा, "दम लागतोय तुला, माणूस घेऊन जा." तू म्हणालास, "थोडंच राहिलंय." मला वाटलं, रस्ता.

तुझी हत्यारांची पिशवी तिकडेच राहिली होती. ती आणायला वहिनीने मला पाठवलं, तेरावा झाल्यावर. वॉर्डन मिश्रा मॅडमनी मला बघून डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "दीदी, ऐसा आदमी नहीं देखा. हर गुरुवार आते, एक काँच निकालते, एक लगाते. नीचे जाली बँधवा दी, साइकिलें हटवा दीं. हमने तो कोई शिकायत की ही नहीं थी."

"काही सांगितलं नाही? का बदलताहेत?" मी मराठीतच विचारून गेले.

त्यांना कळलं. "बताया ना. बोले, मॅडम, गलती मेरी है. पूजा के दिन मैंने मशीन बंद कर दी थी, माँ की याद में. पहला दशहरा था माँ के बिना." आणि वर म्हणाल्या, "हँस के बोलते थे, भगवान के लिए किया, भगवान ने ही काँच सफेद कर दी."

मी जिना चढले. बारा काचा स्वच्छ होत्या, आहेत की नाही कळू नये अशा. वरच्या मजल्याच्या चार काचांच्या खालच्या काठाला बोटभर पांढुरकी पट्टी चढलेली. त्या पट्टीवर तुझ्या काच खुणवायच्या पेन्सिलीने ओढलेल्या रेघा, एकीवर एक, प्रत्येक रेघेजवळ तारीख. ती पट्टी दर आठवड्याला किती वर सरकते ते तू बघत होतास, आणि ज्या काचेची जास्त सरकेल ती आधी बदलत होतास. शेवटच्या रेघेच्याही वर आता पांढरं गेलं आहे. दुसऱ्या मजल्यावर कुठल्या पायरीवर तू बसलास, ते मी मॅडमना विचारलं नाही. सगळ्याच पायऱ्यांवरून भिंतीला धरून उतरले.

तुला कसं कळलं, ते मला युनिटवर आल्यावर कळलं. सूखेलालचं बटण. त्यावर माझ्या अंगठ्याचा कुंकवाचा ठसा अजून आहे. तू दरवर्षी पत्र्यावर कुंकू लावायचास, बटणाला कधी कुणी लावलं नव्हतं. वर्षभर तू तो ठसा पुसला नाहीस, कुणाला पुसू दिला नाहीस. मी रोज त्या बटणासमोरून जात होते.

आणि तुझा खण. त्यात ठोकलेले तुकडे तू जपून ठेवायचास, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली: कुठलं काम, कुठली तारीख, किती आकडा. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक तुकडा निघाला. तो मी भंगाराच्या पिंपात टाकला होता. स्वतःच्या हाताने, काचेच्या चुऱ्याखाली दडपून. तू तो शोधून काढलास. चिठ्ठीवर तुझ्या गोल अक्षरात हॉस्टेलचं नाव आणि ती तारीख. आकड्याची जागा कोरी.

तुला तो आकडा नजरेने कळत होता, दादा. तीस वर्षं तू दुसरं केलंस काय? तरी तू लिहिला नाहीस. जागा ठेवलीस. बारा काचा एकट्याने वाहिल्यास, माझं पाप तुझ्या नावावर सांगितलंस, आणि एवढं एक माझ्यासाठी ठेवलंस. मला राग येतो तुझा. खूप राग येतो. कानशिलात द्यायची होतीस. युनिटमधून काढायचं होतंस. मी सांगेन म्हणून वाट कसली बघत बसलास, तुला माझा हट्ट माहीत नव्हता? थोडं सोडावं लागतं म्हणायचास ना? मग मला का नाही सोडलंस?

काल दुपारी मी तो तुकडा घेऊन वहिनीसमोर बसले. ती तांदूळ निवडत होती. सगळं सांगितलं. पूजा, बटण, फोन, बारा गुरुवार. तिला आपल्या आकड्यांचं काही कळत नाही, म्हणून आकडा सांगितला नाही. ती ताटातले खडे बाजूला करत राहिली. मला वाटलं, ऐकत नाहीये. मग तिने विचारलं, "त्यांना सांगितलंस कधी?"

"नाही."

"त्यांना माहीत होतं?"

"हो."

"आणि तुला माहीत होतं की दम लागतोय."

तिने ताट ओट्यावर ठेवलं, हात पदराला पुसले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला. ती रडत असती तर बरं वाटलं असतं.

आज सकाळी तिने प्रश्न विचारला नाही. चहाही ठेवला नाही. बरोबरच आहे तिचं. माफी मागायला मी गेलेच नव्हते. माफ करणारा माणूस जिन्यात बसून पाणी मागत गेला.

मी युनिटवर आले आहे. सूखेलाल चालू आहे. उरलेल्या चार काचांचं माप मी काल घेतलं, माझ्याच मोजपट्टीने. नवा रोल सीलबंद आहे, तो सगळे आत आल्यावर, दार लावून मग उघडेन. गुरुवारी हॉस्टेलला जाईन. मॅडमना सांगेन की माझा भाऊ खोटं बोलत होता, मशीन मी बंद केलं होतं. चारही एकाच दिवशी लावणार. एकेक करत बसले तर उरलेल्या लावायला माझ्यामागे आता कुणी नाही.

तुझा तो तुकडा समोर आहे. उजेडासमोर धरला तर फिल्म अजून तशीच उघडी चमकते. तुझीच पेन्सिल घेतली आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू फोनवर जे विचारलं होतंस, त्याचं उत्तर लिहिते आहे.

तीन, दादा. तीन आले होते.